सुईच्या टोकावरची आच

शरीरातल्या गाठीत बारीक सुई नेऊन ती गाठ जागच्या जागी तापवून मारायची आणि मेलेला भाग आतच राहू द्यायचा, असा थर्मल अ‍ॅब्लेशन हा उपचार आहे. कातडीवर दोन-तीन मिलिमीटरची चीर पुरते, पोट उघडावे लागत नाही आणि बरेच रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची पद्धत आपल्याकडे आहे. इथे दाखवायला काहीच नसते. नातेवाइकांच्या शंकेपेक्षा याचा वैद्यकीय परिणाम मोठा आहे. काढलेल्या गाठीची कड पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो आणि रोगट पेशी मागे राहिल्याची शक्यता आहे का ते सांगतो. तापवून मारलेल्या गाठीची कड अशी हातात येत नाही, ती स्कॅनच्या चित्रावरून ओळखावी लागते. या उपचाराचे बहुतेक नियम या एका अडचणीतून आले आहेत.

हृदयाचे ठोके बिघडवणारी काही मिलिमीटरची जागा कॅथेटरने तापवून निकामी करणे हेही अ‍ॅब्लेशनच, आणि गाठींप्रमाणे त्यासाठीही बहुधा रेडिओफ्रिक्वेन्सीची, म्हणजे फार वेगाने दिशा बदलणारी वीज वापरतात. हृदयरोग आणि कर्करोग या दोन्ही शाखांत शब्द एक असला तरी काम वेगळे आहे. हृदयात एक ठिपका किंवा एक रेघ तापवली की पुरते. गाठीत मात्र सगळा गोळा आणि त्याभोवतीचा निरोगी दिसणारा काठ मारावा लागतो, कारण डोळ्याला आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी त्या काठात असू शकतात.

रेडिओफ्रिक्वेन्सीच्या विजेचे गुण फार पूर्वीच कळले होते. सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज स्नायूंना झटका न देता शरीरातून जाते, हे फ्रान्सच्या दार्सोनवालने 1891 साली दाखवले. 1926 साली बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यचिकित्सकाने विल्यम बोवीचे विजेचे उपकरण ऑपरेशनमध्ये वापरले. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये रक्तस्राव थांबवायला त्याच जातीचे यंत्र असते. सोनोग्राफीत बघत, कातडीतून सुई घालून यकृताचा भाग असा तापवता येतो, हे 1990 साली इटलीत रॉसी आणि अमेरिकेत मॅकगॅहन यांनी स्वतंत्रपणे मांडले.

रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्रातली वीज सेकंदाला सुमारे चार ते पाच लाख आवर्तने करते. सुईचे टोक हा एक ध्रुव, आणि मांड्यांवर चिकटवलेले रुंद पॅड हा दुसरा. सुईभोवतीच्या पेशींमधले क्षारांचे भारित कण विजेच्या तालावर मागेपुढे हलतात आणि त्या घर्षणातून उष्णता तयार होते. म्हणजे सुई स्वतः तापून गाठ भाजत नाही, पेशी आतून तापतात. 50 अंश सेल्सिअसला पेशी मरायला चार ते सहा मिनिटे लागतात. 60 अंशांच्या वर प्रथिने जवळजवळ लगेच गोठतात आणि पेशीला परतीची वाट राहत नाही. मग तापमान शक्य तितके चढवावे असे वाटेल, पण शंभराच्या पुढे पेशींतल्या पाण्याची वाफ होते, सुईभोवती कोळसा धरतो आणि त्यातून वीज पुढे जात नाही. फार मोठ्या आचेवर भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसे होते. म्हणून काही सुयांच्या पोटातून थंड पाणी फिरवतात आणि काही सुयांना छत्रीच्या काड्यांसारखे उघडणारे फाटे असतात.

मायक्रोवेव्हच्या सुईला ही अडचण कमी येते. ती 915 मेगाहर्ट्झ किंवा 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. यातली दुसरी कंप्रता घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची आहे. या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात, कोळसा झाला तरी त्यातून पुढे जातात, कमी वेळात जास्त जागा तापवतात आणि त्यांना मांडीवरचे पॅड लागत नाही. पेसमेकर असलेल्या रुग्णात रेडिओफ्रिक्वेन्सीची वीज जपून वापरावी लागते, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा ठरतो. लेसरने किंवा शरीराबाहेरून एकवटलेल्या ध्वनिलहरींनीही गाठ तापवता येते. गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी ध्वनिलहरींचा वापर काही केंद्रांत होतो.

आता त्या काठाचा हिशेब. गाठीभोवती सर्व बाजूंनी किमान अर्धा, शक्यतो एक सेंटिमीटर निरोगी भाग मेला पाहिजे. तीन सेंटिमीटर व्यासाची गाठ सुमारे 14 घनसेंटिमीटरची असते. तिला सगळीकडून एक सेंटिमीटर काठ धरला की पाच सेंटिमीटरचा गोळा तापवावा लागतो, म्हणजे सुमारे 65 घनसेंटिमीटर. गाठच पाच सेंटिमीटरची असेल तर सात सेंटिमीटरचा, सुमारे 180 घनसेंटिमीटरचा गोळा. एका सुईच्या आवाक्यात इतकी जागा येत नाही. अनेक सुया लावल्या तर त्यांच्या वर्तुळांमध्ये फट राहण्याची भीती असते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत निकाल उत्तम का येतात आणि त्यापुढे झपाट्याने का घसरतात, याचे उत्तर औषधशास्त्रात नाही, या साध्या भूमितीत आहे. लहान गाठ सापडणे हाच या उपचाराचा खरा पाया आहे.

दुसरी अडचण रक्तवाहिन्यांची. गाठीला लागून तीन मिलिमीटरपेक्षा जाड रक्तवाहिनी असेल तर वाहते रक्त उष्णता घेऊन जाते. वाहिनीच्या बाजूची कड पुरेशी तापत नाही आणि रोग बहुधा तिथूनच परत येतो. मायक्रोवेव्हमध्ये हा परिणाम कमी होतो, पण संपत नाही.

हा उपचार सर्वांत जास्त रुजला तो यकृतात. यकृताचा मूळ कर्करोग बहुतेक वेळा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह आणि वाढलेल्या वजनाबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत यांतून सिरॉसिस होतो आणि त्यात गाठ धरते. अशा यकृताचा मोठा तुकडा कापला तर उरलेले यकृत शरीराचा भार पेलेलच असे नाही. सुईने फक्त गाठ आणि तिचा काठ जातो, बाकी यकृत वाचते. दोन सेंटिमीटरच्या आतल्या एकट्या गाठीसाठी अ‍ॅब्लेशन हा पहिल्या पसंतीचा उपचार मानला जातो. सिरॉसिस असलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असा सल्ला यासाठीच असतो. पोट दुखू लागल्यावर सापडलेली गाठ बहुधा सुईच्या आवाक्याबाहेर गेलेली असते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी यकृतात पसरल्या तर त्या कापून काढणे हाच योग्य मार्ग, असे अनेक वर्षे मानले जाई. नेदरलँड्समधून चालवलेल्या ‘कोलिजन’ चाचणीने या समजुतीला धक्का दिला. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या आणि कापणे किंवा तापवणे या दोन्ही मार्गांनी उपचार करता येण्याजोग्या गाठी असलेले सुमारे 300 रुग्ण तीत होते. 2024 साली निष्कर्ष जाहीर झाले. या दोन उपचारांच्या गटांतल्या रुग्णांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही, अ‍ॅब्लेशनच्या गटात गुंतागुंती मात्र बऱ्याच कमी होत्या. हा निष्कर्ष लहान गाठींपुरता आहे. मोठ्या गाठींसाठी तो लावणे चूक ठरेल.

उपचाराच्या आधी रक्त गोठण्याची क्षमता आणि प्लेटलेट तपासतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवतात. काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतो. रुग्णाला गुंगी किंवा पूर्ण भूल देऊन सोनोग्राफी वा सीटी स्कॅनमध्ये बघत सुई गाठीत बसवली जाते. प्रत्यक्ष तापवण्याला काही मिनिटेच लागतात, पण सुई नेमकी जागी नेण्यात बराच वेळ जातो. गाठ आतड्याला लागून असेल तर मध्ये द्रव सोडून आतडे बाजूला सारतात. रेडिओफ्रिक्वेन्सी वापरताना त्यासाठी सलाईन चालत नाही, कारण मिठाचे पाणी वीज वाहून नेते. पाच टक्के डेक्स्ट्रोजचे पाणी वापरतात.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या हाडाच्या गाठीत तर या उपचाराने चित्रच पालटले. ही गाठ कर्करोगाची नसते आणि तिचा गाभा दीड सेंटिमीटरच्या आत असतो. पण मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात ती झाली की कोवळ्या वयाची मुले रात्र रात्र तळमळतात. ॲस्पिरिनच्या गोळीने दुखणे थांबते, ही तिची ओळखीची खूण. पूर्वी हाडाचा तुकडा काढावा लागे आणि मग महिनोन् महिने त्या पायावर जोर देता येत नसे. 1992 साली बॉस्टनच्या रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी सीटीच्या मदतीने सुईने ती तापवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 90 अंशांवर पाच-सहा मिनिटे. बहुतेक मुलांचे दुखणे काही दिवसांत थांबते.

थायरॉइडच्या साध्या गाठींसाठी कोरियातल्या डॉक्टरांनी हे तंत्र घडवले. रुग्ण जागा असतो आणि डॉक्टर त्याच्याशी अधूनमधून बोलत राहतात, कारण आवाजाची नस गाठीच्या मागेच असते आणि आवाज घोगरा झाला तर लगेच थांबावे लागते. मूत्रपिंडातल्या लहान गाठींत आणि फुफ्फुसातही ही सुई वापरतात. फुफ्फुसात छातीच्या पोकळीत हवा शिरण्याचा धोका असतो.

कर्करोग होण्याआधीच्या टप्प्यावरही उष्णता उपयोगी पडते. गर्भाशयमुखाच्या पेशी आधी बदलतात आणि कर्करोग बऱ्याच वर्षांनंतर होतो. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचे धाराशिव) 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. 2009 साली निष्कर्ष आले. एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीने आणि त्यानंतरच्या उपचाराने त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पेशी गोठवून मारण्याच्या उपचाराला गॅसचे जड सिलिंडर लागतात आणि ते खेड्यात नेणे अवघड असते. आता बॅटरीवर चालणारे हातात धरायचे उपकरण 100 अंशांवर 20 ते 30 सेकंद लावले की तेच काम होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली त्याच्या वापराची शिफारस केली.

धोके नाहीत असे नव्हे. रक्तस्राव, जंतुसंसर्गाने गळू होणे, शेजारच्या आतड्याला किंवा पित्तनलिकेला इजा, पॅडखाली कातडी भाजणे, क्वचित सुईच्या वाटेवर रोग रुजणे, हे सगळे घडू शकते. पित्तनलिकेत स्टेंट असलेल्या रुग्णाला गळूचा धोका जास्त. पहिले काही दिवस कणकण आणि अंगदुखी होते. मेलेल्या पेशींचा शरीर निचरा करत असल्याची ती प्रतिक्रिया असते. ताप चढत गेला किंवा थंडी वाजू लागली तर मात्र वाट बघू नये.

साधारण महिन्याने रंगद्रव्य देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. मेलेला भाग रंगद्रव्य घेत नाही आणि काळा दिसतो. त्याच्या कडेला उजळ दाणा दिसला तर तिथे रोग उरला आहे असे समजून बहुधा पुन्हा सुई घालता येते. पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी तपासणी चालते. सिरॉसिसच्या यकृतात दुसऱ्या जागी नवी गाठ उगवू शकते, म्हणून ही तपासणी कायम चालू ठेवावी लागते.