आधी डेटा, मग पेनड्राइव्ह

पेनड्राइव्हचा दिवा लागतो, पण विंडोज म्हणतं ‘डिस्क घाला’ आणि क्षमता दिसते शून्य. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: आतला डेटा हवाय का? कारण उत्तरानुसार रस्ता बदलतो.

आत दोन मुख्य चिप असतात. नॅन्डमध्ये फायली साठतात आणि कंट्रोलर त्यांचा हिशेब ठेवतो: कुठला ब्लॉक खराब, कुठला मजकूर कुठे. कंट्रोलर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे फर्मवेअरचा, बराचसा भाग सहसा नॅन्डमध्येच असतो. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह उपसला, तर हा भाग बिघडू शकतो.

डेटा नको असेल, तर मी चिपजीनियस या सॉफ्टवेअरने कंट्रोलर ओळखतो. वरच्या ब्रँडवर विसंबत नाही. एकाच मॉडेलमध्ये कधी फायसनचा, कधी सिलिकॉन मोशनचा कंट्रोलर निघतो. मग त्याच कंट्रोलरसाठी बनलेलं टूल वापरून फर्मवेअर पुन्हा भरतो. ही टूलं कारखान्यासाठी असतात, इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींत व्हायरसही असतात; म्हणून त्यांना वेगळा संगणक ठेवलाय. संगणकाने पेनड्राइव्ह ओळखलाच नाही, तर कंट्रोलरला बूट मोडमध्ये आणायला नॅन्डच्या ठरावीक पिना क्षणभर जोडाव्या लागतात. चुकीच्या पिना जोडल्या तर चिप जळू शकते.

यात जुना डेटा जातो. म्हणून आत लग्नाचे फोटो किंवा प्रबंध असेल, तर मी टूल चालवत नाही. गिऱ्हाइकाला डेटा रिकव्हरी लॅबकडे पाठवतो. तिथे गरज पडल्यास नॅन्ड काढून थेट वाचतात.

दुरुस्त पेनड्राइव्हवर गाणी ठेवा. एकुलती एक प्रत मात्र कुठल्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका.