संघ परका, खेळाडू आपला

४ सप्टेंबर २०२२. पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीगची पहिली अंतिम लढत. तेलुगू योद्धाजचा कर्णधार होता महाराष्ट्राचा प्रतीक वाईकर. समोर ओडिशा जगरनॉट्स. ओडिशाने ४६-४५ असा एका गुणाने विजय मिळवला. मराठी प्रेक्षकाने अशा वेळी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या?

शाळा, तालीम, जिल्हा यांच्या नावाने खेळ चालत होता तोवर हा प्रश्नच नव्हता. २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा लिलाव आला आणि गणित बदलले. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून गाजला. पुढच्याच हंगामात, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. चाहत्यांची निष्ठा संघाकडून खेळाडूकडे सरकू लागली ती अशी.

अमेरिकेत हेच महाविद्यालयांत घडते आहे. २०२१ पासून तिथले खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावतात, २०२५ पासून महाविद्यालयेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. संघ बदलणेही सोपे झाले आहे. माजी विद्यार्थ्यांना दरवर्षी नवे चेहरे ओळखावे लागतात.

पुन्हा आपल्या खो-खोकडे वळूया. महाराष्ट्रातल्या धाराशिव जिल्ह्याला या खेळातली कीर्ती मुलींनी मिळवून दिली. इथल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाडूला मोबदला मिळायलाच हवा. पण अल्टिमेट खो-खो लीगचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते.