अरबी समुद्रांतील वादळें एकाएकीं कां बळावतात?

समुद्रावरील वादळ ही कोंकणची बाब, घाटावरील शेतकऱ्यास त्याचें काय, अशी समजूत पुणें जिल्ह्यांत पुष्कळांची होती. ता. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानें ती खोटी ठरविली. तें अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धनकडील नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्याच, पण मावळांतील फुलांचीं हरितगृहेंहि फाटलीं. ३१ मे रोजीं जें नुसतें कमी दाबाचें क्षेत्र होतें, त्याचें हें तीन दिवसांतील रूप होय.

वादळाचें खाद्य म्हणजे उबदार समुद्राची वाफ. ती वर जाऊन ढग बनतांना उष्णता सुटते. त्या उष्णतेनें हवा आणखी वर चढते, केंद्रांतील दाब उतरतो व भोंवतालची दमट हवा अधिकच वेगानें आंत ओढली जाते. या चक्रास गति येण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, पाण्याची उष्णता साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक असून ती खोलवर पोंचलेली असावी. कारण वादळ समुद्र ढवळतें, आणि खालून थंड पाणी वर आलें तर त्याचें बळ खचतें. दुसरी, हवेंत उंचापर्यंत ओलावा असावा. तिसरी, खालच्या व वरच्या वाऱ्यांत फार तफावत नसावी. नाहीं तर वादळाचा माथा बुडख्यावरून सरकतो. ऐन पावसाळ्यांत खालीं पश्चिमेचा व वर पूर्वेचा वारा जोराचा असतो, म्हणून त्या काळांत अरबी समुद्रांत मोठीं वादळें बहुधा होत नाहींत. मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच धोक्याचे महिने.

चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें ५५ किलोमीटरनें वाढल्यास शास्त्रज्ञ त्यास शीघ्र वाढ म्हणतात. १५ मे २०२१ च्या सकाळीं साधें चक्रीवादळ असलेलें 'तौक्ते' १७ मे रोजीं ताशीं १८० किलोमीटरच्या वेगास पोंचलें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांच्या गणनेप्रमाणें, १९८२ ते २००० च्या मानानें २००१ ते २०१९ या काळांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळें ५२ टक्क्यांनीं वाढलीं. समुद्र तापत आहे, हें त्याचें मुख्य कारण.

यांतून शेतकरी बंधूंनीं घ्यावयाचा बोध इतकाच कीं, वादळास नांव पडेपर्यंत थांबूं नये. या महिन्यांत हवामान खात्याकडून अरबी समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र झाल्याची वार्ता येतांच काढलेला कांदा आडोशास न्यावा, कडब्याची गंज बांधून झांकावी, शेतांतील चर मोकळे करावे, आणि गुरें कच्च्या पत्र्याच्या गोठ्यांत ठेवूं नयेत. वादळ वळून गेलें, तर दोन दिवसांची मेहनतच काय ती खर्ची पडेल. तें आलें, तर वर्षाचें पीक वांचेल.