एका तासाला एक तास : हुन्नराची देवघेव मोबाईलवर

उमरीच्या बाजारात कापडाच्या दुकानावर बसून माझी तीस वर्षे गेली. गल्ल्यासमोर पैशाविना जो व्यवहार चालतो, तो मात्र मी वहीत कधी लिहिला नाही. तांड्यावरची बाई फेटियासाठी लाल कापड घ्यायला येते, शेजारी एखादी भाभी क्रोशाचा दोरा निवडत असते. "हे आरसे कसे बसवता हो?" एवढ्यावरून बोलणे निघते आणि अर्ध्या तासात एकीला आरशाचा टाका, दुसरीला लेसची वीण कळलेली असते. दोघींचा हा छंद आहे, धंदा नव्हे.

ही देवघेव मोबाईलवर आणायचे माझ्या पुतणीने मनावर घेतले आहे. ती नांदेडला कॉम्प्युटर शिकते. सुट्टीत माझ्या बिलबुकाच्या पाठीवर तिने ॲपचा नकाशा काढून दाखवला. पहिल्याच पानावर नाव, ई-मेल, पासवर्ड, सगळे टाइप करायचे! मी म्हटले, बेटा, तुझी निम्मी गिऱ्हाईके इथूनच परत गेली. गोधडीचा धावदोरा जिच्या बोटात आहे, ती बोलून सांगेल. मग दोनच प्रश्न ठेवले : काय येते आणि काय शिकायचे? चित्रावर बोट ठेवावे, किंवा मराठीत, उर्दूत, गोरमाटीत आपला आवाज भरावा. ऐकणारे माणूसच असल्यामुळे मशीनला भाषा कळण्याची गरज नाही.

खरी अडचण पुढे आली. आरसेवालीला गोधडी शिकायची आहे, पण गोधडीवालीला हवा क्रोशा. अदलाबदलीच्या बाजाराचे हे जुनेच दुखणे. जपानच्या तेरुको मिझुशिमा यांनी त्यावर तोडगा काढला होता. महायुद्धाच्या टंचाईत त्यांनी शिवणकाम करून देऊन ताजी भाजी मिळवली; पुढे १९७३ साली ओसाका येथे श्रमाची बँक काढली, तिथे पैशाऐवजी तास जमा होत. ॲपमध्येही तेच करावे. शिकवलेला तास जमा, शिकलेला तास नावे, मग कोणाकडूनही वसूल करा. पुतणी म्हणाली, चाचा, उधारी नकोच. पण सगळ्यांचे खाते शून्यावर आणि उधारी बंद, तर पहिला तास घेणार कोण? तीन तासांपर्यंत द्यावी, पुढे नाही, असे ठरले.

नंबराचा प्रश्न नाजूक आहे. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या एका मोबाईल गटात सर्वांचे नंबर दिसत. अनोळखी फोन येऊ लागले आणि आठ दिवसांत गट रिकामा झाला. तेव्हा नंबर झाकलेला, व्हिडिओत फक्त हात. व्हिडिओ फोनमध्ये उतरवूनही घेता यावा. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावरचे शिवणाचे धडे एका रात्रीत हातचे गेले. शिकायला उत्साह शाळकरी मुलींना जास्त, पण १८ वर्षांखालील मुलांसाठी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती सांगितली आहे. त्याची सोय सुरुवातीपासूनच हवी.

एका मुद्द्यावर आमचे अजून जुळत नाही. वीस वर्षे हात बसलेल्या बाईचा तास आणि काल सुई धरलेल्या पोरीचा तास सारखा कसा? पुतणी म्हणते, सारखाच, नाहीतर पुन्हा भावताव सुरू होईल. मी व्यापारी माणूस, मला ते पटत नाही. दोरा माझ्याच दुकानातून खपणार, हा स्वार्थही लपवत नाही.

ॲपवर पैसा घालण्याआधी पंधरा बायकांचा हिशेब कागदावर चालवून पाहणार आहोत. वही दोऱ्याच्या कपाटाजवळ टांगली आहे.