गोठवलेला पैसा आणि वकिलाची फी

विजय मल्ल्यांच्या लंडनमधल्या खटल्यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने छापून आले. त्यातल्या दोन गोष्टी लोकांच्या लक्षात राहिल्या: आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ, आणि आठवड्याला १८ हजार ३२५ पौंड खर्च करण्याची मुभा. आकडा खरा होता. पण मिळकत गोठवल्यावर न्यायालय अशी मुभा का देतं, आणि वकिलाची फी त्यातून वेगळी का काढून ठेवतं, हे कुणी समजावून सांगितलं नाही. प्रत्यर्पणाच्या कायद्यात मला आयुष्यभर सर्वांत महत्त्वाचा वाटत आलेला प्रश्न हाच आहे.

ही वाट १९७५ मध्ये लंडनच्या जहाजधंद्यातल्या भांडणांतून निघाली. लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने ‘मरेव्हा’ खटल्यात निकालाआधीच प्रतिवादीचे पैसे रोखून धरले. पुढे ‘एंजल बेल’ नावाचं जहाज बुडालं, आणि त्याच्या विम्याच्या पैशावरून इराकच्या संरक्षण खात्याशी वाद उभा राहिला. न्यायमूर्ती रॉबर्ट गॉफ यांनी तेव्हा हद्द आखून दिली. गोठवायचं ते पैसा लंपास होऊ नये म्हणून, दावेदाराची वसुली आधीच बाजूला काढून ठेवण्यासाठी नव्हे. प्रतिवादीने नेहमीची देणी भागवावीत, वकील नेमावा. इंग्लंडच्या दिवाणी गोठवणीच्या आदेशात घरखर्च आणि वकिलाचा खर्च यांची सवलत आज ठरलेलीच असते. मल्ल्यांना मिळालेली मुभा याच परंपरेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये, दिवाळखोरीच्या अर्जाविरुद्ध लढण्यासाठी आणि चरितार्थासाठी, न्यायालयाकडे जमा असलेल्या रकमेतून त्यांना सुमारे ११ लाख पौंड मिळाले, तेही याच तत्त्वावर. कर्ज देणाऱ्या बँकांचं म्हणणं, हा आमच्या वाट्याचा पैसा वकिलांच्या खिशात चाललाय. त्यांची चीड मला कळते. पण वाटा ठरायचा आहे म्हणूनच तर दावा चालू असतो.

फौजदारी कायद्यात इंग्लंडने २००२ साली उलटी दिशा धरली आणि गोठवलेल्या पैशातून त्याच गुन्ह्याच्या बचावाचा खर्च करायला मनाई केली. त्या कायद्याच्या दुरुस्त्यांत मी इथे शिरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ठरलं की गुन्ह्यातून आलेल्या पैशावर वकिलाचा हक्क नाही. २०१६ च्या लुईस खटल्यात त्याच न्यायालयाने निष्कलंक पैशापुरता तरी आरोपीचा हक्क मान्य केला. या पैशाचा गुन्ह्याशी संबंध नाही हे सरकारलाही मान्य होतं, तरी तो गोठवलेला होता.

खरी कसोटी लागली ती कॉपीराइटभंगाचा आरोप असलेले इंटरनेट उद्योजक किम डॉटकॉम यांच्या खटल्यात. २० जानेवारी २०१२ ला ऑकलंडजवळच्या कोट्सव्हिलमधल्या त्यांच्या घरावर पोलिसांचा छापा पडला, अमेरिकेच्या विनंतीवरून. गाड्या, खाती, हाँगकाँगमधला पैसा, सगळं रोखलं गेलं. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाने वकिलांची बिलं आणि घरखर्च यांसाठी सुमारे ६० लाख न्यूझीलंड डॉलर मोकळे केले. दोन वर्षांत तेही संपले. नोव्हेंबर २०१४ मध्ये, प्रत्यर्पणाची सुनावणी तोंडावर असताना, वकिलांच्या चमूने काम सोडलं. आणि २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने सांगितलं की डॉटकॉम अमेरिकेत यायला नकार देत आहेत, म्हणजे ते फरारी. सबब जप्तीला हरकत घेण्याचा त्यांना अधिकार नाही. जो माणूस न्यूझीलंडच्या न्यायालयात, त्या देशाच्या कायद्याने दिलेला हक्क वापरून प्रत्यर्पणाला विरोध करतोय, तो फरारी कसा? कॉपीराइटच्या प्रश्नात डॉटकॉम यांच्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. पण हा निकाल मला तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. प्रत्यर्पणाला विरोध हाच पळपुटेपणा ठरला, तर मग सुनावणी घ्यायचीच कशाला?

आपण तोच साचा उचलला. २०१८ च्या फरार आर्थिक गुन्हेगार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे अशा माणसाला कोणत्याही दिवाणी दाव्यात बाजू मांडू न देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. ५ जानेवारी २०१९ ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने या कायद्याखाली पहिल्यांदा ज्यांना फरार ठरवलं ते मल्ल्याच. ते लंडनमध्ये जामिनावर होते, तारखांना हजर राहत होते. काही विद्वान मित्र मला ऐकवतात, ‘एवढी कणव बुडवणाऱ्यांची कशाला?’ कणव बुडवणाऱ्याची नाही. बँक खातं ही ‘मालमत्ता’ असून पोलीस ते गोठवू शकतात, हे १९९९ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध तपस नियोगी या खटल्यात ठरलं. आज सायबर तक्रारीत एका फोनवर खातं बंद पडलेले छोटे दुकानदार मी पाहतो. वकिलाला द्यायचे पाच हजारही त्याच खात्यात अडकलेले असतात.

याच महाराष्ट्रातून १९७८ चा होस्कोट खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत येरवड्याच्या तुरुंगात पाठवली गेली; कैदी म्हणाला, मला ती मिळालीच नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यातून निकालाची प्रत आणि वकील हे दोन्ही कैद्याचे हक्क ठरवले. तेव्हा फोर्टमध्ये कोर्टाची बातमी करणारे वार्ताहर आदेशाची प्रत मिळवून वाचत बसायचे, एखादं कलम अडलं तर वकिलाला गाठायचे. आता सुनावणी संपायच्या आत मोबाइलवर ‘ऐशोआराम’ एवढाच मथळा येतो.

पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेच्या प्रकरणातले नीरव मोदी यांनी २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयाला सांगितलं की भारतातली मालमत्ता गोठल्यामुळे अपिलाच्या खर्चाचे सुमारे दीड लाख पौंड ते महिना १० हजारांच्या हप्त्याने, उसने घेऊन फेडताहेत. ते खरं की खोटं, हा भाग वेगळा. पण उसने पैसे कुणाचे, हे कुणालाच नीट दिसत नाही. त्यापेक्षा गोठवलेल्या रकमेतूनच, न्यायालयाने बिल तपासून, ठरावीक मर्यादेत, थेट वकिलाच्या खात्यात फी द्यावी. हिशेब धनकोंनाही बघायला खुला असावा. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात एवढं एक कलम घालावं, ही माझी मागणी जुनीच आहे, आणि ती मी करतच राहणार.