पांचगणीचा विद्यार्थी : फ्रेडी मर्क्युरी

सातारा जिल्ह्यांतील पांचगणी हें गांव थंड हवेसाठीं, आणि त्याहूनहि अधिक तेथील निवासी शाळांसाठीं प्रसिद्ध आहे. १९५५ च्या सुमारास त्यांपैकीं सेंट पीटर्स या शाळेंत आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. त्याचें नांव फरुख बलसारा. बलसारा हें आडनांव गुजराथेंतील बलसार, म्हणजे हल्लींचें वलसाड, या गांवावरून आलेलें. परंतु मुलाचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजीं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर झालेला. वडील बोमी बलसारा हे तेथें इंग्रज सरकारच्या कचेरींत रोखपाल होते. झांझिबार ते मुंबई हा बोटीचा प्रवास पुष्कळ दिवसांचा असल्यामुळें मुलाला शाळेंत ठेवणें म्हणजे त्याला वर्षानुवर्षें दृष्टीआड करणेंच होतें. हाच मुलगा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें साऱ्या जगाला ठाऊक झाला.

पांचगणीस त्याला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे ‘फ्रेडी’ हें हांक मारण्याचें नांव, दुसरी पियानो. ऐकलेली चाल तो लगेच वाद्यावर वाजवून दाखवीत असे. तें पाहून आईवडिलांनीं वेगळी फी भरून त्याला संगीताचें शिक्षण देवविलें. शाळेच्या गायकवृंदांतहि तो गात असे. १९५८ सालीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं ‘हेक्टिक्स’ नांवाचा एक चिमुकला ताफा काढला. गंमत अशी कीं, त्यांत मुख्य गाणारा दुसराच मुलगा होता. फरुख पियानोवर बसे आणि मागून साथ देई. त्याच्या वरच्या जबड्यांत चार दांत अधिक होते आणि त्यामुळें पुढचे दांत बाहेर आले होते. मुलें त्यावरून त्याला चिडवीत. पुढें हातांत पैसा खेळूं लागल्यावरहि त्यानें ते दांत काढून घेतले नाहींत, कारण काढल्यास आवाज बिघडेल अशी त्याला भीति वाटे. ती रास्त होती कीं नव्हती, हा प्रश्न दंतवैद्यांवर सोंपवावा.

१९६३ सालीं तो झांझिबारला परतला. पण पुढच्याच जानेवारींत तेथें क्रांति झाली, सुलतानाची सत्ता उलथली गेली आणि रस्त्यांत रक्त सांडलें. बलसारा कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला गेलें व लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथें राहूं लागलें. ज्या घराच्या ओढीनें मुलानें पांचगणींत दिवस काढले, तें घर त्याला फार थोडे दिवस लाभलें. लंडनमध्यें त्यानें ईलिंग येथील कलाशाळेंत चित्र व रेखन यांचा अभ्यास केला आणि १९६९ सालीं पदविका घेतली. सुट्टींत विमानतळावर काम करावें, केन्सिंग्टनच्या बाजारांत जुने कपडे विकावे आणि मिळेल त्या ताफ्यांत गावें, असा त्याचा त्या काळचा क्रम होता.

येथें रॉक बँड म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. विजेवर वाजणारी गिटार, खर्ज धरणारी बास गिटार, ड्रम आणि गायक एवढाच त्याचा सरंजाम असतो. ब्रायन मे हा गिटारवादक आणि रॉजर टेलर हा ड्रमवादक यांचा ‘स्माइल’ नांवाचा ताफा होता. १९७० सालीं त्यांचा गायक त्यांना सोडून गेला, तेव्हां त्या जागीं हा बलसारा आला. आल्याबरोबर त्यानें ताफ्याचें नांव बदलून ‘क्वीन’ ठेवलें आणि स्वतःचें आडनांव बदलून ‘मर्क्युरी’, म्हणजे बुध, असें घेतलें. १९७१ सालीं जॉन डीकन हा बासवादक मिळाला आणि चौकडी पुरी झाली. कलाशाळेचें शिक्षणहि वायां गेलें नाहीं. चौघांच्या जन्मराशी घेऊन दोन सिंह, एक खेंकडा व दोन पऱ्या यांचें बँडचें मानचिन्ह त्यानेंच रेखाटलें.

त्याच्या आवाजाबद्दल पुष्कळ दंतकथा आहेत. त्या सोडून मोजलेली गोष्ट सांगावी. २०१६ सालीं युरोपांतील कांहीं ध्वनिशास्त्रज्ञांनीं त्याच्या मुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलतांना त्याचा आवाज मध्यम जाडीचा, पुरुषी होता. गातांना मात्र तो सहज तारसप्तकांत वावरे. लांबविलेल्या सुरावर कंठांत जो कंप होतो, तो त्याच्या ठिकाणीं सेकंदाला सुमारें ७ आंदोलनें इतका जलद, आणि शिवाय अनियमित, असे. ऐकणाऱ्याला त्या सुरांत जी धडपड जाणवते, तिचें मूळ बहुधा या अनियमितपणांत असावें.

पण नुसत्या कंठावर त्याचें मोठेपण उभें नाहीं. १९७५ सालीं त्यानें रचलेलें ‘बोहेमियन रॅप्सडी’ हें गाणें घ्यावें. आरंभीं पियानोवरील विलापगीत, मध्यें युरोपीय संगीत-नाटकाच्या थाटाचा समूहस्वर आणि नंतर रॉकचा गदारोळ. ध्रुवपद कोठेंच नाहीं. त्यांतील प्रचंड गायकवृंद म्हणजे मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच. ज्या फितीवर हें मुद्रण झालें, तिच्यावर २४ निरनिराळे पट्टे होते. एका पट्ट्यावर एक आवाज घ्यावयाचा, तो ऐकत दुसऱ्यावर दुसरा घ्यावयाचा, पट्टे भरले कीं ते सारे एकत्र करून एकाच पट्ट्यावर उतरावयाचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हां गावयाचें. असें करतां करतां फीत इतकी झिजली कीं ती आरपार दिसूं लागली, असें मे यानें पुढें सांगितलें आहे. या मधल्या भागालाच सुमारें तीन आठवडे लागले. तबकडी ५ मिनिटें ५५ सेकंदांची. एवढें लांब गाणें रेडिओ लावणार नाहीं, असें जाणते लोक म्हणाले. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकानें तें वारंवार लावून त्यांना खोटें पाडलें. तें गाणें ९ आठवडे इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर होतें.

रंगभूमीवर मर्क्युरीचें सामर्थ्य आणखी निराळें होतें. १३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियांतील दुष्काळपीडितांसाठीं लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर जलसा झाला, तेव्हां क्वीनच्या वांट्याला सुमारें २० मिनिटें आलीं. तेवढ्यांत त्यानें सत्तर हजारांवर श्रोत्यांना आपल्या तानेमागून तान घ्यावयास लावलें. आपल्याकडे संगीत नाटकांत ‘वन्स मोअर’ मिळविणारे नट होऊन गेले. येथें श्रोतृसमुदायच साथीदार झाला. याच मंडळीनें आदल्या वर्षीं, वर्णभेदामुळें दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असतांना, तेथील सन सिटींत जाऊन पैसे घेऊन कार्यक्रम केले होते. राजकारणाशीं आमचा संबंध नाहीं, हें त्यांचें उत्तर लंगडें होतें. वर्णावरून माणसें वेगळीं करणाऱ्या राज्यांत झांझिबारच्या पारशाच्या मुलानें जावें, हें अधिकच खटकतें.

स्वतःच्या जन्माविषयीं तो फारसें बोलत नसे. झांझिबार, पांचगणी, पारशी धर्म हे विषय निघाले कीं तो ते थोडक्यांत आटपी. यावरून त्याला दोष देणारे आहेत. पण १९६० नंतरच्या दशकांत आशियांतून आलेल्या माणसाला इंग्लंडांत काय काय ऐकून घ्यावें लागे, तें पाहिलें म्हणजे त्या मौनाचा अर्थ कळूं लागतो. शाळेंत दांतांवरून चिडविलें गेलेलें मूल आपल्याबद्दल काय सांगावयाचें हें आपणच ठरवितें.

तेंच मौन त्यानें आजारांतहि पाळलें. १९८७ च्या सुमारास त्याला एड्स झाल्याचें निदान झालें. ऑगस्ट १९८६ मधील नेबवर्थचा कार्यक्रम हा त्याचा क्वीनबरोबरचा शेवटचा दौऱ्यावरील कार्यक्रम ठरला. तथापि मुद्रण थांबलें नाहीं. माँसेरा काबाय्ये या स्पॅनिश गायिकेबरोबर त्यानें ‘बार्सेलोना’ हा संग्रह १९८८ सालीं काढला. वर्तमानपत्रें त्याच्या दाराशीं पाळत ठेवून होतीं. २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं त्यानें आपला रोग जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, त्याचें निधन झालें. आयुष्यभर ज्या धर्माविषयीं तो बोलला नाहीं, त्याच धर्माच्या मोबेदांनीं लंडनमध्यें त्याच्या देहावर अंत्यविधि केले.

त्या वर्षाच्या मे महिन्यांत स्वित्झर्लंडांतील माँत्रो येथें तो ‘मदर लव्ह’ हें गाणें मुद्रित करीत होता. अंगांत त्राण नव्हतें. एक कडवें उरलें असतां, विश्रांति घेऊन मग पुरें करूं, असें म्हणून तो उठला. तो पुन्हां आला नाहीं. १९९५ सालीं गाणें प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांतील शेवटचें कडवें ब्रायन मे यानें गायिलें होतें.