गाण्याची जागा आणि शेजाऱ्यांची झोप
लेखमाला : शहरं आणि त्यांचे नियम (लेखांक ७)

न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटमध्ये एकेकाळी तीन वादकांपर्यंत सगळं ठीक असे. चौथा बसला की मालकाला कॅबरेचा परवाना लागे. १९२६च्या कॅबरे कायद्याला पुढे चिकटलेली ही अट. चालणाऱ्या वाद्यांचीही यादी ठरलेली होती. पियानो, गिटार, व्हायोलिन चालत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम चालत नसत. जॅझ ज्या शहरात बहरला, तिथल्याच छोट्या जागांमध्ये जॅझची वाद्यं वर्ज्य! पॉल शेव्हिग्नी या वकिलांनी वादकांची बाजू लावून धरली, आणि न्यायालयाने १९८६ साली वाद्यांची, तर १९८८ साली संख्येची अट रद्द केली. परवान्याविना नाचण्यावरची बंदी मात्र २०१७ पर्यंत टिकली.

या कायद्याचं खरं दुखणं असं, की त्यात आवाज कुणी मोजतच नव्हतं. एकटा ड्रमवादक अख्खी गल्ली जागवू शकतो, तर पाच जणांचा वाद्यवृंद पलीकडच्या खोलीतही ऐकू येत नाही.

मग सरकारने नेमकं काय ठरवावं? १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. सेंट्रल पार्कमधल्या मंचावरच्या मैफलींचा आसपासच्या रहिवाशांना त्रास होई, म्हणून न्यूयॉर्क महापालिकेने तिथे स्वतःची ध्वनियंत्रणा आणि स्वतःचा तंत्रज्ञ सक्तीचा केला. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही संस्था त्याविरुद्ध लढली आणि हरली. काय गायचं हे सरकारने ठरवू नये; किती मोठ्याने, कुठे आणि किती वाजेपर्यंत, एवढं ठरवता येईल, असा त्या निकालाचा मथितार्थ.

तरी ‘किती मोठ्याने’ हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. रात्री एक वाजता क्लबच्या वरच्या मजल्यावर झोपायला गेलेल्या माणसाला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. भिंतीतून येते ती बेस गिटारची आणि ड्रमची धडधड. ती कानापेक्षा छातीत जाणवते. नेहमीचं ‘ए’ पद्धतीचं मापन या खर्जाला फारशी किंमत देत नाही: ६३ हर्ट्झच्या स्वरातून ते सुमारे २६ डेसिबल वजा करतं. ‘सी’ पद्धत जेमतेम एक डेसिबल कमी करते. त्यामुळे यंत्रावरचा आकडा नियमात बसतो आणि रहिवासी मात्र रात्रभर जागा राहतो. तक्रार खोटी ठरवली गेल्याची त्याची चीड अगदी रास्त आहे.

सॅन फ्रान्सिस्कोने ही अडचण ओळखली. तिथे परवानाधारक जागेतलं संगीत परिसरातल्या मूळ आवाजाच्या वर आठ डेसिबलपेक्षा जास्त जाऊ नये, आणि हे ‘ए’ व ‘सी’ अशा दोन्ही मापांनी पाहिलं जातं. शिवाय घराच्या आत रात्री १० ते सकाळी ७ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

त्याहून मोलाचा बदल परवाना कोण देणार, याबाबतचा. पूर्वी परवाना पोलीसच देत आणि तक्रार आली की दारात तेच उभे राहत. २००३ पासून हे काम सात सदस्यांच्या एंटरटेन्मेंट कमिशनकडे आलं. त्यात वस्तीतल्या संघटना, मनोरंजन व्यवसाय, नगररचना, पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. अर्जावर जाहीर सुनावणी होते, शेजारी बोलतात आणि त्या जागेपुरत्या अटी परवान्यात घातल्या जातात. कॅफेत रात्री दहापर्यंत गिटार वाजवायची असेल, तर त्यासाठी २०११ पासून वेगळा, मर्यादित परवाना मिळतो.

पुणेकर वाचकाला इथे सवाई गंधर्व महोत्सव आठवेल. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या त्या मैफली ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनंतर रात्री दहाच्या आत आल्या. वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंतची सवलत मिळते, तीही राज्य सरकारने दिली तर. लग्नाचा डीजे आणि उत्तररात्रीचा राग यांना घड्याळ एकच. संगीतप्रेमींना याची हळहळ वाटते ती उगाच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत पुढे नवाच पेच उभा राहिला. वर्षानुवर्षं चाललेल्या क्लबशेजारी नव्या इमारती आल्या आणि नव्या रहिवाशांच्या तक्रारींनी जुन्या क्लबांचे परवाने धोक्यात येऊ लागले. तेव्हाच्या नगरसेविका, पुढे महापौर झालेल्या लंडन ब्रीड यांनी २०१५ साली त्यावर कायदा आणला. क्लबपासून ३०० फुटांच्या आत घरं बांधायची असतील, तर प्रकल्प आधी या कमिशनच्या नजरेखालून जातो. खिडक्यांना कशा काचा हव्यात, शयनकक्ष कुठल्या बाजूला असावेत, हे नकाशा कागदावर असतानाच सुचवता येतं. घर घेणाऱ्याला किंवा भाड्याने राहणाऱ्याला शेजारी क्लब असल्याची लेखी कल्पना द्यावी लागते. अशा छाननीतून गेलेल्या इमारतीतला रहिवासी, परवान्याच्या अटी पाळणाऱ्या क्लबला उपद्रव ठरवू शकत नाही.

यातली लेखी सूचना दुबळी आहे. घरभाडं गगनाला भिडलेल्या शहरात भाडेकरू ती वाचतो आणि नाइलाजाने सही करतो. त्या कागदाने क्लब वाचतो, झोप वाचत नाही. काचांचं तसं नाही. इमारत उभी राहण्याआधी बिल्डरने दोन पैसे जास्त घातले, तर क्लबही चालतो आणि रहिवासीही झोपतो. म्हणून सूचना नुसती कळवून न थांबता काचांची अट बंधनकारक करावी, असंच म्हणावं लागतं.

१९९१ पासून स्वतःला जगाची ‘लाइव्ह म्युझिक’ राजधानी म्हणवणाऱ्या टेक्सासमधल्या ऑस्टिनने वेगळी वाट धरली. २०१७ साली रेड रिव्हर भागातल्या उघड्यावरच्या मंचांना गुरुवारी बारापर्यंत आणि शुक्रवारी-शनिवारी एकपर्यंत वेळ वाढवून दिली. तीही आधी प्रयोग म्हणून, मगच कायमची. त्या प्रयोगाबद्दल पुढच्या लेखांकात.